सरकारी अनुदान, शास्त्रीय संशोधन आणि आपले कर्तव्य

(कशेळे येथे भरलेल्या आपल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



शास्त्रीय संशोधनावर बोलण्याचा अधिकार मजपाशी नाही, हे मी आरंभीच कबूल करतो. मी १९७३ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो आणि पुढील आयुष्य प्राथमिक शाळेत पाढे व बाराखडी शिकविण्यात घालविले. परंतु गुणगौरवाच्या प्रसंगी आपण मुलांना ‘शास्त्रज्ञ व्हा’ असा आशीर्वाद देतो. त्या आशीर्वादामागे द्रव्यबळ कोणाचे असते, याचा विचार मात्र आपल्या हातून होत नाही. तो विचार आज आपणांपुढे मांडावा, असे मनात आहे.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपण बाजारहाटास जातो त्या कर्जतला १९१९ साली, म्हणजे मुंबई इलाख्याच्या काळात, सरकारी खर्चाने भात संशोधन केंद्र सुरू झाले. माझ्या लहानपणी वडील कोळंबा लावीत. पेंढा उंच व दाणा चांगला. परंतु भात निसवल्यावर वारा-पाऊस झाला की सारे शेत आडवे होई आणि चिखलात लोळलेले पीक कापताना घरच्या माणसांचे हाल होत. सत्तरीच्या आरंभी याच केंद्राने ‘कर्जत १८४’ हे वाण दिले. तैवानचे बुटके ‘तैचुंग नेटिव्ह १’ आणि आपल्याकडील ‘कोळंबा ५४०’ यांच्या संकरातून ते सिद्ध झाले होते. सरकारी बियाण्यावर वडिलांचा विश्वास नव्हता. त्यांनी ते एकाच खाचरात लावून पाहिले. भाद्रपदातील वाऱ्यात तेवढे एक खाचर उभे राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी काही न बोलता सर्व खाचरांत तेच लावले.

त्या बियाण्यासाठी वडिलांनी जी किंमत मोजली, तीत त्यामागील परिश्रमांचे मोल नव्हते. ते सरकारी तिजोरीतून भरले गेले होते. १९६५ साली भातसुधारणेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. अशा समन्वित प्रकल्पांत सामान्यतः शंभरातील पंचाहत्तर रुपये भारतीय कृषी अनुसंधान परिषद देते व पंचवीस राज्याच्या वाट्याला येतात. १९७२ साली दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले व कर्जतचे केंद्र त्याच्या छत्राखाली आले. १९८९ साली संकरित भाताचे देशव्यापी काम हाती घेतले गेले, आणि कर्जतचे ‘सह्याद्री’ हे संकरित वाण प्रसृत झाले ते १९९८ साली. मधली नऊ वर्षे शास्त्रज्ञांचे वेतन, मजुरांची रोजंदारी, खते, पाणी हा सर्व खर्च चालूच होता. यांतील एखाद्या वर्षी अनुदान थांबते, तर त्या हंगामाची लावणी चुकती, आणि एक हंगाम चुकला म्हणजे निवडीचे काम वर्षभर मागे पडते. रस्त्याचे अपुरे काम पुढील वर्षी तेथूनच हाती घेता येते. शेतातील प्रयोगाचे तसे नाही.

हा पैसा सरकारचा म्हणजे परका, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. रयतेच्या घामातून जमणारा महसूल रयतेच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च होत नाही, हे गाऱ्हाणे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली विधिमंडळाने शिक्षण उपकराचा कायदा केला. आज तर साबणाची वडी घेणारी आपली माउलीही कर भरते. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा असे सुचविले होते. ते उद्दिष्ट अद्याप गाठले गेलेले नाही. संशोधनावर तर २०२०–२१ साली देशाच्या शंभर रुपये उत्पन्नामागे अवघे चौसष्ट पैसे खर्च झाले. तेव्हा मागणी करण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे.

परंतु हक्काबरोबर कर्तव्य येते, आणि येथे मला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. माझी एक विद्यार्थिनी, आपल्याच ज्ञातीतील मुलगी, शेतकी विषयात पदव्युत्तर परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन संशोधनास लागली. अधिछात्रवृत्ती मंजूर झाली, पण रक्कम हाती पडेना. खोलीचे भाडे व खाणावळीचे देणे थकत गेले. आठव्या महिन्यात ती घरी परतली. आज ती एका फार्महाऊसवर हिशेब लिहिते. तिचे वडील मला म्हणाले, “गुरुजी, सरकार देणार नव्हतं असं नाही. पण तवर खायचं काय?” मी त्या वेळी संघाच्या कार्यकारिणीवर होतो. सभागृहासाठी राखलेली ठेव बँकेत पडून होती. त्यांनी मागितले नाही आणि मी सुचविले नाही. त्या गोष्टीचा सल अद्याप मनात आहे.

वस्तुतः यावरचा उपाय आपणांस ठाऊक आहे. पावसाळ्यात घरातील कणगी रिकामी होते तेव्हा आपल्या भागातील माणूस खावटी घेतो व पीक आल्यावर फेडतो. हुतात्मा भाई कोतवालांनी याच तालुक्यात गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या, त्या सावकाराच्या दारी जाण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये म्हणून. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. त्यांचा तो धडा आपण विद्येच्या बाबतीत गिरवावा. माझी सूचना एवढीच की, संघाने आपल्या ठेवीतून एक लहानसा निधी वेगळा काढावा; ज्या मुलामुलींचे सरकारी अनुदान मंजूर झाले आहे पण हाती आलेले नाही, त्यांना त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी आणि अनुदान मिळताच ती परत घ्यावी. सभागृह एक वर्ष उशिरा झाले तरी चालेल. शिवाय आपल्या भागातील लोकप्रतिनिधी मते मागण्यास येतील तेव्हा मंदिराच्या सभामंडपाबरोबरच अनुदान वेळेवर का येत नाही, हेही त्यांना विचारावे.

माझ्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम मी या निधीसाठी आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. देणगी म्हणून नव्हे, तर जुनी बाकी म्हणून ती स्वीकारावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.