गाडीचं पोट ऐंशी टक्केच भरा



आमच्या बचत गटाने कर्ज काढून छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली. पापड-मसाले बाजारात न्यायचे, येताना डाळी-मिरच्या आणायच्या. गाडीच्या कमाईतूनच हप्ता फिटतो. या गाडीत सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बॅटरी. तीच लवकर थकली, तर हप्ता मागे राहील. म्हणून आज चार्जिंगच्या सवयींबद्दल बोलू या.

सुरुवातीला आम्ही चुकलो. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी कायम भरलेली ठेवायची, हे आपल्याला माहीत. तोच नियम आम्ही गाडीला लावला. रोज शंभर टक्के भरायची आणि भर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी करायची. पण इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेक शिशाची असते. ती अर्धवट भरलेली राहिली की बिघडते. गाडीची बॅटरी लिथियमची. ती पूर्ण भरून उन्हात उभी राहिली की आतून लवकर झिजते. अगदी रिकामी राहिली तरीही नुकसानच. माणसाचं जसं, तसंच: ना उपाशी, ना तडस लागेपर्यंत.

म्हणून रोजच्या वापराला वीस ते ऐंशी टक्के, हा साधा हिशोब. आमच्या गाडीची बॅटरी चोवीस युनिटची आहे. वीसवरून ऐंशीवर न्यायला चौदा-पंधरा युनिट लागतात. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण तीन युनिट भरली जातात, म्हणजे पाच-सहा तास. रात्रीत काम होतं. लांब जायचं असेल तेव्हा खुशाल शंभर टक्के भरा, पण निघण्याच्या थोडं आधी.

पण वीस टक्क्यांचा नियम आम्ही बदलला. का, ते सांगतो. एका बाजाराच्या दिवशी गाडी नऊ टक्क्यांवर घरी आली. ‘सकाळी लावू’ म्हणून तशीच ठेवली. त्याच रात्री आमच्यातल्या एकीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. दवाखाना बावीस किलोमीटर. गाडी दारात, पण उपयोग शून्य. शेजारच्या गावातून जीप येईपर्यंत तास गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण तो तास आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून रात्री गाडी तीस टक्क्यांच्या खाली उभी राहत नाही. तुमच्या गावापासून दवाखाना किती लांब आहे, त्यावर तुमचा आकडा ठरवा.

आणखी काही गोष्टी. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. रस्त्यावरचं फास्ट चार्जिंग अडीअडचणीला चांगलं, पण त्यात बॅटरी जास्त तापते. रोजची सवय घरच्या सावकाश चार्जिंगचीच ठेवा. आठ-पंधरा दिवस गाडी वापरायची नसेल, तर निम्मी भरून सावलीत ठेवा.

काही गाड्यांत एलएफपी नावाची बॅटरी असते. तिला कंपनी मधूनमधून शंभर टक्के भरायला सांगते, म्हणजे पडद्यावरचा आकडा खरा राहतो. तेव्हा गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा सगळ्यांनी मिळून वाचा. वॉरंटीच्या अटीही त्यातच असतात. अनेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात.

आणि जिवाची काळजी. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी कधीच लावू नका. जाड वायरचा वेगळा सॉकेट, एमसीबी आणि चांगलं अर्थिंग वायरमनकडून करून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका. सॉकेट किंवा प्लग गरम लागला, तर चार्जिंग लगेच बंद.

शेवटी, आपल्या गटाची खरी ताकद म्हणजे वही. आम्ही गाडीचीही वही केली आहे. कोणी लावली, किती टक्क्यांवर लावली, कितीवर काढली, किती किलोमीटर झाले. त्यामुळे भांडण होत नाही आणि बॅटरी थकायला लागली तर वेळेत कळतं. पैशाची बचत आपण वहीत लिहून शिकलो. बॅटरीची बचतही तशीच जमेल.