स्वागताध्यक्षांचे भाषण



आधुनिक उर्दू कथेतल्या सूफी प्रतीकांवर पाहुणे बोलतीलच. माझा धंदा बी-बियाण्यांचा. पण आमच्या खुलताबाद गावाबद्दल बोलायचा हक्क माझा, आणि तो मी सोडणार नाही.

येणारा प्रत्येक जण औरंगजेबाची कबर विचारतो. फार तर मलिक अंबरचा मकबरा, बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजींचे दर्गे, जाताजाता भद्रा मारुती. अमीर हसनला कोणी विचारत नाही! दिल्लीचा हा फारसी कवी अमीर खुसरोचा स्नेही, निजामुद्दीन औलियांचा मुरीद, म्हणजे शिष्य. 1308 च्या सुमारास तो गुरूचं बोलणं टिपू लागला आणि पंधराएक वर्षं टिपत राहिला. तोच ‘फवाइद-उल-फुआद’, मल्फूजात म्हणतात त्या प्रकारातला नामांकित ग्रंथ. मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीकरांना दौलताबादेस आणलं, त्या लोंढ्यात हसनही आला आणि आमच्याच मातीत विसावला. पुढं बुऱ्हाणुद्दीनांची वचनंही मुरिदांनी लिहून ठेवली. म्हणजे या गावाला हा नाद जुनाच.

आता विषयाशी संबंध. इंतिजार हुसेन यांची ‘जर्द कुत्ता’ ही कथा आमच्या कार्यवाहांनी मला वाचून दाखवली. मुरीद विचारतो, शेख सांगतात. घाट हसनचाच की! त्यातला पिवळा कुत्रा म्हणजे माणसाचा नफ्स, त्याचं वासनेमागं धावणारं मन, हाकललं तरी न जाणारं. कुर्रतुलऐन हैदर यांनी तर हाजी गुलबाबा बेकताशींवरच्या कथेच्या नावातच ‘मल्फूजात’ घातलं. लाहोर-मुंबईत लिहिलेल्या कथांचं मूळ मी खुलताबादेत शोधतो म्हणून अभ्यासक हसतील. हसू देत.

व्यवस्थेत उणिवा आहेत. खोल्या कमी पडल्या, काहींना शाळेच्या वर्गात गाद्यांवर झोपावं लागलं. सकाळी गरम पाणी सर्वांना पुरलं नाही, ध्वनिक्षेपक मधूनच रुसतो आहे. मोठ्या मनानं सांभाळून घ्या. मंडपवाल्यांनी भाडं घेतलं नाही, किराणा व्यापाऱ्यांनी शिधा दिला, बागवान मंडळींनी सीताफळं पाठवली, दर्ग्याच्या खादिमांनी आणि देवळाच्या विश्वस्तांनी भांडी दिली. नाव न सांगण्याच्या अटीवर एका गृहस्थांनी दोन्ही दिवसांच्या जेवणाचा खर्च उचलला. ते समोरच बसले आहेत, त्यांच्याकडे मी पाहत नाही. या सर्वांचा मी ऋणी आहे.

दुपारच्या सत्रानंतर हसनच्या मजारीकडे जायला गाडी ठेवली आहे. कृपया रिकामी पाठवू नका.