मोंतांव्हेरच्या पायऱ्या

१८६१ सालच्या जुलै महिन्यांतली गोष्ट. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यांतील शामोनी नांवाच्या गांवाहून २५ हमालांचा एक तांडा मों ब्लां पर्वताच्या शिखराकडे निघाला. मों ब्लां हें आल्प्स पर्वतांतील सर्वांत उंच शिखर. उंची सुमारें ४,८०० मीटर. नांवाचा अर्थ शुभ्र पर्वत, म्हणजे हिमालयांतील धवलगिरीचा हा नामबंधूच म्हणावयाचा. हमालांच्या पाठीवर शिधासामग्री होतीच. पण काचा, रसायनांच्या बाटल्या, काळा तंबू आणि अवजड कॅमेरा यांचें ओझेंही कांहीं थोडें नव्हतें. तांड्याचा नायक ऑगुस्त-रोझाली बिसों हा पॅरिसचा छायाचित्रकार.

त्या काळीं छायाचित्र घेणें म्हणजे खिशांतून यंत्र काढून बोट दाबणें नव्हे. काचेवर कोलोडियन नांवाचा चिकट द्रव पसरावयाचा, ती काच रौप्यक्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत बसवावयाची आणि ओल सुकण्यापूर्वी तंबूच्या अंधारांत नेऊन धुवावयाची. सारा खेळ थोड्या मिनिटांचा. बरें, शिखरावर पाणी कोठलें? दिव्याच्या ज्योतीवर बर्फ वितळवून तें करावें लागलें. एवढ्या खटाटोपानंतर हातीं लागल्या तीन काचा. तीन चित्रांसाठीं पंचवीस माणसें!

बिसोंला आपण इतिहासाचें दप्तर लिहीत आहों असें वाटत होतें, असें समजण्याचें कारण नाहीं. त्याला भव्यता हवी होती, आणि पॅरिसमध्यें गिऱ्हाइकेंही. परंतु त्याच्या व त्याच्या समकालीनांच्या काचांवर पर्वतांबरोबर त्यांच्या कुशींतून उतरणाऱ्या हिमनद्याही उमटल्या. आज शामोनीला जाणारा पांथस्थ त्या जुन्या चित्राची प्रत हातांत धरून समोर पाहतो, तेव्हां पर्वत तोच असतो. नदी मात्र आपल्या जागेवर नसते.

हिमनदीला नदी कां म्हणावयाचें, हें येथें सांगितलें पाहिजे. उंचावर पडलेला बर्फ उन्हाळ्यांतही सगळा वितळत नाहीं. एका वर्षाच्या थरावर दुसऱ्या वर्षाचा थर बसतो. खालचा भुसभुशीत बर्फ दाबानें घट्ट होत होत निळसर व कठीण बनतो, आणि आपल्याच भारानें उतारावरून सरकूं लागतो. ही गति डोळ्यांना दिसत नाहीं. पण वर्षाकाठीं ती कित्येक मीटर भरते, तीव्र उतारावर त्याहून पुष्कळच अधिक. वरच्या अंगाला जमा आणि खालच्या अंगाला खर्च, असा हा संसार आहे. जमा वाढली कीं नदीचें मुख पुढें सरकतें, खर्च वाढला कीं मागें हटतें. मात्र मुख मागें हटलें म्हणून नदी उलटी चालूं लागली, अशी कोणी कल्पना करूं नये. बर्फ नेहमीं खालींच येत असतो. तो पूर्वीच्या ठिकाणीं पोंचण्याआधींच संपतो, इतकेंच. मिळकत चालू असूनही एखादें घर बुडावें, तसें.

या मुखाला एके काळीं शामोनीचे लोक भीत असत. सतराव्या शतकांत हवा थंड झाली होती आणि हिमनद्या वाढत वाढत वस्तीला भिडल्या होत्या. १६४४ सालीं जिनीव्हा धर्मप्रांतांतील वरिष्ठ धर्मोपदेशक गांवकऱ्यांची मिरवणूक घेऊन बर्फाच्या कडेपर्यंत गेले, आणि त्यानें मागें हटावें म्हणून त्यांनीं प्रार्थना केली. पलीकडे स्वित्झर्लंडांत फीश नांवाचें गांव आहे. तेथल्या लोकांनीं १६७८ सालीं असाच नवस केला कीं, आलेच हिमनदी वाढूं नये. ही प्रार्थना पिढ्यान् पिढ्या चालत आली. पुढें वेळ अशी आली कीं, ती नको तितकी फळली असें गांवकऱ्यांना वाटूं लागलें. मग २०१० सालीं पोपची अनुज्ञा मिळवून त्यांनीं प्रार्थनेचा अर्थच फिरविला. आतां हिमनदी घटूं नये, अशी करुणा भाकली जाते. नवस फेडण्याच्या तऱ्हा अनेक ऐकिवांत आहेत; नवस उलटा करण्याची ही तऱ्हा मात्र विरळाच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आल्प्समधल्या हिमनद्या मागें हटूं लागल्या. प्रारंभीं त्यांत निसर्गाचा हात बराच होता. पण गेल्या कांहीं दशकांतील घट ही कोळसा व खनिज तेल जाळून माणसानें तापविलेल्या हवेचा परिणाम आहे, हें आतां शास्त्रज्ञांनीं निश्चित केलें आहे. स्वित्झर्लंडांतील हिमनद्यांनीं २०२२ या एका वर्षांत आपल्या उरलेल्या बर्फाचा सुमारें ६ टक्के, आणि पाठोपाठ २०२३ मध्यें सुमारें ४ टक्के भाग गमावला. असले आंकडे कानांवरून जातात. मोंतांव्हेरच्या पायऱ्या उतरणाऱ्याच्या मात्र ते गुडघ्यांत भरतात.

मोंतांव्हेर हें शामोनीच्या वरचें एक ठाणें. तेथें १९०९ सालापासून दांतेरी रुळांची आगगाडी जाते आणि सुमारें २० मिनिटांत प्रवाशाला १,९१३ मीटर उंचीवर नेऊन सोडते. पण ज्याला खरोखर पाहावयाचें आहे त्यानें पायींच जावें. सूचिपर्णी वृक्षांच्या रानांतून वळणावळणानें चढणारी ही वाट दोन-तीन तासांची आहे. आगगाडी नव्हती तेव्हां खेचरांवर बसून कवि, चित्रकार आणि राजघराण्यांतले लोक याच चढणीनें वर गेले. १७४१ सालीं विंडहॅम व पोकॉक हे दोघे इंग्रज येथें आले. वाऱ्यानें खवळलेलें सरोवर एकाएकीं गोठून जावें, तसें हें दृश्य आहे, अशा आशयाचें वर्णन विंडहॅमनें केलें. त्यावरूनच ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा समुद्र, हें नांव रूढ झालें. फ्रान्समधील ही सर्वांत लांब हिमनदी.

एकोणिसाव्या शतकांतला प्रवासी मोंतांव्हेरहून थोडा खालीं उतरला कीं त्याचें पाऊल बर्फावर पडत असे. पुढें बर्फ खोल खोल गेला आणि खालीं जाण्यासाठीं तारेवरून चालणारे पाळणे आले. १९८८ सालीं पाळण्यांतून उतरल्यावर बर्फापर्यंत अवघ्या तीन पायऱ्या होत्या. नंतर दर वर्षीं बर्फ खचत गेला आणि पायऱ्यांची भर पडत गेली. २०२० च्या सुमारास त्यांची संख्या ५०० च्या पुढें गेली होती! शेवटीं पायऱ्या जोडण्याचा नाद सोडून २०२४ सालीं नवे पाळणेच वरच्या अंगाला, जेथें बर्फ अजून जाड आहे तेथें, नेण्यांत आले. जुन्या वाटेवर ‘अमुक सालीं बर्फ येथपर्यंत होता’ हें सांगणाऱ्या पाट्या खडकावर बसविल्या आहेत. आपल्या लग्नाच्या सुमाराची पाटी, मुलाच्या जन्माच्या सुमाराची पाटी, अशा एकेक ओलांडीत माणूस खालीं जातो. दम चढतांना लागतो. पण मन उतरतांनाच जड होतें.

समुद्र पाहावयास आलेल्याची येथें बहुधा निराशा होते. खालीं दिसतो तो दगडगोट्यांनीं झांकलेला करडा पट्टा. हौशी छायाचित्रकाराच्या मोहाला येथूनच आरंभ होतो. समोर द्र्यूचा सुळका मावळत्या उन्हांत लाल झालेला असतो. कॅमेरा वर उचलला कीं चित्र सुंदर येतें आणि करडा पट्टा चौकटीबाहेर राहतो. अशीं चित्रें घरोघर भिंतींवर असतात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तुलनेसाठीं काढावयाच्या चित्राची जात निराळी आहे. तेथें जागा निवडण्याचें स्वातंत्र्यच नसतें. ती दुसऱ्यानें शंभर-दीडशें वर्षांपूर्वी निवडून ठेवलेली असते.

ती शोधावयाची कशी? जुन्या चित्रांत जवळच्या खडकाचें टोंक दूरच्या कड्याच्या कोणत्या खांचेखालीं आलें आहे, हें पाहावयाचें. चार पावलें डावीकडे सरकलें कीं टोंक खांचेपासून सुटतें, उजवीकडे गेलें कीं पलीकडे जातें. अशा दोन-तीन जोड्या एकदम जुळल्या म्हणजे जुन्या छायाचित्रकाराची तिवई जेथें उभी होती ती जागा सांपडली. महिनाही तोच साधावा लागतो. ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा आरंभ उत्तम. जूनमधल्या ताज्या हिमाखालीं झिजलेली हिमनदीसुद्धां गुबगुबीत दिसते, आणि छायाचित्र खोटें न बोलतांही फसवितें. कित्येकदां ती जागाच उरलेली नसते. बर्फाचा आधार गेला कीं कडेचे दगडमातीचे ढिगारे ढासळतात आणि वाट तुटते. याच खोऱ्यांतल्या पर्वतकुटींकडे नेणाऱ्या लोखंडी शिड्या बर्फ खचल्यामुळें वेळोवेळीं लांबवाव्या लागल्या आहेत. आणि जुना छायाचित्रकार खुद्द बर्फावर उभा असेल, तर? मग मोंतांव्हेरच्या खालीं त्याची जागा आज शंभराहून अधिक मीटर उंच अशा मोकळ्या हवेंत आहे.

हवेंतली जागा शोधण्याचा प्रयोगही झालेला आहे. वॉल्टर मिटेलहोल्झर या स्विस वैमानिकानें १९१९ च्या ऑगस्टमध्यें लहानशा विमानांतून मों ब्लांभोंवतालच्या हिमनद्यांचीं छायाचित्रें घेतलीं. बरोबर शंभर वर्षांनीं, २०१९ च्या ऑगस्टमध्यें, स्कॉटलंडांतील डंडी विश्वविद्यालयाचे संशोधक तीं चित्रें घेऊन हेलिकॉप्टरनें वर गेले. शिखरांच्या जोड्या जुळवीत सुमारें ४,७०० मीटर उंचीवर अधांतरीं थांबून त्यांनीं तींच दृश्यें पुन्हां टिपलीं. तेल जाळून बर्फ वितळल्याचा पुरावा गोळा करावयाचा, यांतली विसंगति कोणाच्याही ध्यानांत येईल. पण तो पुरावा आज हातीं आहे, आणि त्यांतली मेर द ग्लास शंभर वर्षांपूर्वीच्या चित्राशेजारीं ठेवली तर एकच नदी ओळखावयास क्षणभर थांबावें लागतें.

मिटेलहोल्झरनें टिपलेल्या हिमनद्यांत बोसों हीही आहे. ती मों ब्लांच्या उत्तर अंगावरून तडक शामोनीच्या दरींत उतरते. पायीं जाणाऱ्यानें दिवसभराची तयारी ठेवून ‘ला जोंक्स्यों’ या २,५८९ मीटर उंचीच्या जागेपर्यंत चढावें. तेथें बर्फाच्या भेगा अगदीं हाताशीं येतात. १८२० सालीं या पर्वताच्या वरच्या टप्प्यावर हिमलोट येऊन तीन वाटाडे भेगेंत गडप झाले. बर्फाच्या गतीचा अभ्यास केलेल्या फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञानें, सुमारें ४० वर्षांनीं त्यांचे अवशेष खालीं निघतील, असें भाकित केलें होतें. १८६१ सालीं, म्हणजे बिसों शिखरावर गेला त्याच उन्हाळ्यांत, ते बोसोंच्या पायथ्याशीं बाहेर पडूं लागले.

मुंबईच्या घरांना ही हिमनदी परकी नाहीं. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं मुंबईहून लंडनकडे निघालेलें एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मों ब्लांच्या माथ्याजवळ आदळलें आणि ४८ माणसें गेलीं. त्यांत बहुतेक भारतीय खलाशी होते. २४ जानेवारी १९६६ रोजीं एअर इंडियाचेंच ‘कांचनजंगा’ जवळजवळ त्याच ठिकाणीं कोसळलें. ११७ जण मृत्यु पावले. डॉक्टर होमी भाभा त्यांतच होते. दोन्ही विमानांचें जें कांहीं बर्फांत गाडलें गेलें तें नदीच्या चालीनें खालीं येऊं लागलें, आणि वितळ वाढली तसें अधिकाधिक उघडें पडूं लागलें. २०१२ सालीं भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सांपडली. २०१३ सालीं एका गिर्यारोहकाला पाचू, माणिक आणि नीलमणी यांची पेटी मिळाली. त्यानें ती पोलिसांच्या स्वाधीन केली.

२०२० च्या उन्हाळ्यांत बोसोंच्या कडेला, सुमारें १,३५० मीटर उंचीवर उपाहारगृह चालविणाऱ्या एका गृहस्थाला बर्फाबाहेर आलेलीं दहा-बारा भारतीय वर्तमानपत्रें दिसलीं. तीं ५४ वर्षें बर्फांत होतीं. त्यानें तीं जपून उचलून वाळत घातलीं. अक्षरें बहुतेक सगळीं वाचतां येत होतीं. जानेवारी १९६६ मधले अंक होते ते, आणि त्यांत भारताला पहिली स्त्री पंतप्रधान लाभल्याची बातमी ठळक मथळ्यानें छापलेली होती. ‘कांचनजंगा’ पडलें त्याच दिवशीं दिल्लींत इंदिरा गांधींचा शपथविधि झाला होता.