जालन्याहून परतताना

मंडळी, तुमच्या कार्यकारिणीने मला विषय दिला तो 'वेले' (waylay) या इंग्रजी क्रियापदाचा. म्हणजे कुणाला तरी वाटेत गाठून अडवणे. ते दरोडेखोराला चालते, तसेच रजेचा अर्ज घेऊन जिन्यात साहेबांना गाठणाऱ्या कारकुनालाही. मात्र गाठायचा तो माणूस कुठेतरी निघालेला हवा. घरी बसलेल्यावर फार तर छापा पडतो. मी जालन्याचा. आमच्या गावाच्या इतिहासात छापाही आहे आणि वाटेत गाठणेही.

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडचे व्यापारी आजही मिरवतात. त्या पाळण्यावर नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांची नजर गेली. मोगलांचे दक्षिणेतले मुख्य ठाणे औरंगाबाद तिथून जेमतेम साठ किलोमीटर, शहजादा शहाआलम तिथेच. तरी चार दिवस पेठ लुटली. सावकारांनी चीजवस्त घेऊन जान महंमद नावाच्या फकिराच्या मठात आसरा घेतला होता. तो मठही सुटला नाही. एरवी साधुसंतांचा मान राखणाऱ्या महाराजांच्या आयुष्यातला हा प्रसंग आपण व्याख्यानांतून हळूच गाळतो. गाळू नये.

खरी परीक्षा पुढे होती. सोने, चांदी, कापड, घोडे, उंट एवढे लटांबर घेऊन परतायचे. लुटीने लादलेल्या फौजेला चपळाई कुठून येणार? शिवाय ती पश्चिमेला घाटाकडेच जाणार, हे मोगलांनाही ठाऊक. संगमनेरजवळ मोगल सरदार रणमस्तखानाने गाठलेच. तीन दिवस झुंज चालली. महाराजांचे सरदार सिधोजी निंबाळकर कामी आले. तेवढ्यात मोगलांचाच केसरसिंग नव्या कुमकेसह येऊन ठेपला. त्यानेच रात्री गुप्तपणे निरोप धाडला, की वेढा पुरा व्हायच्या आत निघा. मोगल सरदाराने असे का करावे? बखरकार सभासद भाईचाऱ्याचे कारण देतो. त्याने बखर १६९७ मध्ये दूर जिंजीला बसून लिहिली, तेव्हा थोडे मीठमसाल्याचे धरून चाला.

निघायचे कुठून, हे महाराजांच्या हेराला, एकट्या बहिर्जीला, ठाऊक होते. त्याने राजरस्ता सोडला आणि आडवाटेने, तीन दिवस तीन रात्री, जवळजवळ न थांबता फौज अकोले तालुक्याच्या डोंगरांतल्या पट्टा किल्ल्यावर नेली. लुटीतला काही भाग मागे पडला. आपल्या पोवाड्यांत तलवारीला जेवढी जागा मिळते, तेवढी या रस्ता दाखवणाऱ्याला मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पट्ट्याला पुढे विश्रामगड म्हणू लागले. पाचेक महिन्यांत, ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले, तेव्हा फकिराचा शाप भोवला अशी वदंता उठली. मला ती पटत नाही. फकिराचे नाव टिकले ते मात्र तिच्यामुळेच. लुटल्या गेलेल्या सावकारांपैकी एकाचेही नाव आम्हा जालनेकरांना सांगता येत नाही.