दीड महिना हाताला जपा

आपल्या गावांत आता पेसमेकर बसवलेल्या बायका दिसू लागल्या आहेत. कुणाची सासू, कुणाची जाऊ, कुणी आपल्याच गटातली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांना दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणते, "आता जन्मभर डावा हात वर करू नकोस." दुसरी म्हणते, "टाके सुकले ना? मग लाग कामाला." हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. का, ते आज समजून घेऊ.

आपलं हृदय स्वतःच्याच बारीक विजेवर चालतं. ती वीज अडखळली की ठोके मंदावतात, चक्कर येते, माणूस उभ्या-उभ्या पडतो. अशा वेळी पेसमेकर हृदयाला हलकासा इशारा देऊन ठोका पाडायला लावतो. ही काड्यापेटीएवढी चपटी डबी असते, वजन दोन-अडीच तोळे. बहुधा डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत ती बसवतात. तिथून निघालेली तार शिरेतून हृदयात जाते.

सगळी मेख या तारेत आहे. नवी तार म्हणजे नुकतंच लावलेलं रोप. मूळ धरायच्या आत ते हलवलं तर उपटून येतं. तारेचं टोक हृदयात घट्ट बसायला साधारण चार ते सहा आठवडे, म्हणजे दीड महिना लागतो. तोवर त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, हाताला हिसका द्यायचा नाही आणि पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.

आता आपली कामं आठवा. दोरीवर लुगडी वाळत घालणं, डोक्यावरचा हंडा हाताने धरणं, फडताळावरचा डबा काढणं, या सगळ्यात हात खांद्याच्या वर जातो. विहिरीतून पोहरा ओढताना, हातपंप मारताना खांद्याला हिसका बसतो. दहा लिटरची बादली भरली की दहा किलोची होते. म्हणून ही कामं दीड महिना बंद.

पण हात गळ्यात बांधून बसायचं नाही. हात अजिबात हलवला नाही तर खांदा आखडतो आणि पुढे वेणी घालणंही जमत नाही. खांद्याच्या खाली हात सावकाश हलवत राहायचा. भाजी निवडणं, जेवण वाढणं, हलक्या हाताने कणीक मळणं ही कामं चालतात. दीड महिन्याने डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की खुरपणी, भाकरी, धार काढणं, सगळं हळूहळू सुरू करायचं. पहिल्या दिवशी अर्धी कळशी, जमलं तर पुढच्या आठवड्यात पूर्ण. काहींना हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलेलं असतं. त्यांनी जड कामाबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारावं.

डबीवर कशाचा दाब पडू देऊ नका. ब्लाउजची किंवा आतल्या कपड्याची पट्टी तिथे काचत असेल तर मऊ सुती कापडाची घडी मध्ये ठेवा. पिशवी दुसऱ्या खांद्यावर अडकवा.

आपल्यातल्या बऱ्याच जणी मोबाईल ब्लाउजमध्ये ठेवतात. पेसमेकर असलेल्या बाईने ही सवय सोडायची. मोबाईल डबीपासून निदान वीतभर लांब हवा, आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा. हा रेडिओसुद्धा छातीशी धरून ऐकू नका, त्याच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. मिक्सर, टीव्ही, गॅस यांची भीती नाही. विजेची इंडक्शन शेगडी असेल तर दोन फूट लांब उभं राहावं. शेताच्या कुंपणाला झटका मशीन लावलेलं असेल तर तिकडे फिरकूच नका.

जखम लाल झाली, सुजली, पू आला, ताप आला, पुन्हा चक्कर आली, दम लागला, हात सुजला किंवा उचकी थांबेना, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दवाखान्याने दिलेलं पेसमेकरचं कार्ड कायम जवळ ठेवा आणि कुठल्याही तपासणीआधी दाखवा. डबीची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं चालते, म्हणून तपासणीची तारीख चुकवायची नाही. आणखी एक गोष्ट जड मनाने सांगते. माणूस गेल्यावर दहन करायचं असेल तर आधी डॉक्टरांकडून डबी काढून घ्यावी लागते, नाहीतर बॅटरीचा स्फोट होतो. घरच्यांना हे माहीत असू द्या.

मैत्रिणींनो, शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. त्यांच्या पत्नी एल्स-मारी डॉक्टरांच्या मागे लागल्या, म्हणून ते घडलं. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. पुढे लार्सन यांना वीसहून जास्त यंत्रं बदलावी लागली, पण ते २००१ सालापर्यंत, शहाऐंशी वर्षं जगले. घरातलं माणूस पाठीशी उभं राहिलं, त्याचं हे फळ.

आपल्याकडे मात्र यंत्र बाईला बसवलेलं असेल तर दहाव्या दिवशी हंडा तिच्याच डोक्यावर येतो. कारण पाणी आणायला दुसरं कुणी नसतं. तिला दीड महिना सांभाळा असं सांगून भागत नाही. गटाच्या बैठकीत पाळ्या लावा. दहा जणींचा गट असेल तर एकेकीच्या वाट्याला चार-पाच दिवसांचंच पाणी येतं. घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही कपडे वाळत घालता येतात, हेही त्यांना सांगा. दीड महिना सगळ्यांनी मिळून काढला, तर पुढची वर्षं ती आपल्या बरोबरीने काम करील.