हे नाणे चालेल का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दानपेटी मोजण्याचे काम गेली काही वर्षे आम्हा चौघांकडे आहे. नोटा लवकर आटोपतात. वेळ खातात ती नाणी. त्यांतली बरीच कुठल्या ढिगात टाकावी हाच प्रश्न पडतो. चार आणे असतात, वीस पैशांची षटकोनी ॲल्युमिनियमची नाणी असतात, परदेशी जाऊन आलेल्या कुणाच्या खिशातले सेंट असतात, आणि अलीकडे दहा रुपयांच्या नाण्यांचा तर ढीगच असतो. कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. वाण्याने जे परत केले, ते आरतीच्या ताटात पडते. देव काही नाणे वाजवून घेत नाही!

चिटणिसांनी यंदा फर्मान काढले, की एवढे मोजता तर त्यावर बोला. आमच्यापैकी दोघांची मूळ घरे गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला. तेव्हा नार्व्याच्या वाटेनेच या विषयात शिरतो.

नार्वे म्हटले की श्री सप्तकोटीश्वर. हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूला सिंह असतो आणि दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांत लेख असतो. त्या लेखात जयकेशी वगैरे राजांची नावे येतात, पण त्याबरोबर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचाही उल्लेख येतो. आजच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सही करून वचन देतात. कदंबांच्या नाण्याला आमच्या नार्व्याच्या देवाचा आधार होता. अर्थात त्या गद्याणाने कोणी वांगी घेतली नसतील. ते नाणे सारा, दानपत्रे, मोठे व्यापार यांतले. रोजच्या बाजारात हिंडणारे नाणे नेहमी तांब्याचे आणि गरीबच असते.

१५४० मध्ये पोर्तुगीजांनी दिवाडीवरचे देऊळ पाडले, लिंग नदी ओलांडून अलीकडे नार्व्याला आले, आणि १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी इथे देवळाचे काम करवले. तसा शिलालेख देवळात आहे. हे आपण सगळे वाचून आहात. २०२३ मध्ये गोवा सरकारने जीर्णोद्धार केल्यावर आपल्यातली अनेक कुटुंबे दर्शनालाही जाऊन आली. आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत मात्र देवळापेक्षा समोरच्या नदीत आहे.

आज नार्व्याहून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत दिवाडीला पोचता येते. पण डिचोली महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, ही नदी दोन राज्यांची सरहद्द होती. पलीकडे पोर्तुगीजांचे अशरफी आणि तांगे. अलीकडे आधी विजापूरकरांचे, मग मराठ्यांचे आणि सावंतवाडीकरांचे राज्य; होन, रुपये आणि शिवराया. शिवराई तुम्ही पाहिली असेल: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, जाड तांब्याचा तुकडा. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळातले हे नाणे देशावरच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालत होते. ज्या राज्याने ते पाडले ते गेले, पेशवाई गेली, कंपनी सरकारही गेले, तरी बाजारकरीण शिवराई घेत होती. का, तर पुढचा घेईल याची तिला खात्री होती.

दोन राज्यांच्या नाण्यांमध्ये सराफ बसलेला असायचा. तो नाणे दगडावर वाजवी, काट्यात टाकी, कडा घासली आहे का पाही, आणि आपला बट्टा कापून बाकीचे हातावर ठेवी. आपण आज म्हणतो ना, नावाला बट्टा लागला, तो हाच बट्टा. खणखणीत नाणे, बंदा रुपया, सोळा आणे खरे, हे सगळे त्याच काट्यावरचे शब्द आहेत. बट्टा लागला म्हणून लोक कुरकुरत असतील, पण नाणे फेकून दिले जात नव्हते. कमी किमतीला का होईना, ते चालत होते. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा.

पुढे १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांचा करार झाला आणि काही वर्षे गोव्याची नाणी चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली. १८८१ आणि १८८२ सालचे हे रुपये आमच्यापैकी एकाच्या घरी आहेत. एका बाजूला राजा लुईश, दुसऱ्या बाजूला मुकुट, पण वजन आणि कस इंग्रजी रुपयाचा. करार १८९२ पर्यंतच टिकला. तरी हिशेब तोच राहिला: सोळा आण्यांचा रुपया तसा सोळा तांग्यांचा रुपया. तांगा हे तरी काय, आपल्याच ‘टंक’ शब्दाचे पोर्तुगीज रूप.

सगळ्यांत मजेदार नाणी मात्र शेवटची. १९५७ च्या १ एप्रिलला भारतात नवे पैसे आले. पाठोपाठ १९५८ मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यात रुपया बंद करून एश्कुद आणला. एक एश्कुद म्हणजे शंभर सेंताव्ह, आणि जुना एक रुपया म्हणजे सहा एश्कुद. नाणी कोणती पाडली? दहा, तीस आणि साठ सेंताव्ह; एक, तीन आणि सहा एश्कुद. तीन आणि सहाची नाणी कशासाठी, असे कोणालाही वाटेल. आता भागाकार करून बघा. सहा एश्कुद म्हणजे रुपया, तीन म्हणजे आठ आणे, साठ सेंताव्ह म्हणजे दहा नवे पैसे, तीस म्हणजे पाच नवे पैसे! वर लिस्बनची चिन्हे आणि पोटात भारतीय रुपया. तेव्हा गोव्याची नाकेबंदी चालू होती, सरहद्दीवर पहारे होते, पण नाण्यांचा हिशेब सरहद्द मानायला तयार नव्हता. आमच्या मते गोवा कुठला आहे याचा निकाल बाजारात १९६१ च्या आधीच लागला होता.

१९ डिसेंबर १९६१ नंतर ही नाणी चलनातून गेली. चांदीची सोनाराकडे गेली, तांब्याची मुलांच्या खेळात आणि फडताळातल्या डब्यांत. बाजारातून उठलेले नाणे दुसरीकडे घर शोधते, ही जुनीच रीत आहे. आपल्या आज्यांच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळा आठवा. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे.

आता आजचे बोलू. चवथीच्या आधी डिचोलीला माटोळीचा बाजार भरतो. सत्तरीतल्या, डोंगराकडच्या बायका रानातली फळे, कांगले, घागऱ्या, आंब्याचे टाळे घेऊन पहाटेपासून बसलेल्या असतात. गेल्या चवथीला आम्ही तिथे होतो. एका आजीकडून सामान घेतले आणि नव्वद रुपये द्यायचे म्हणून नोटांबरोबर दहाची चार नाणी पुढे केली. आजी म्हणाल्या, “बाळा, ही नको रे. मी घेईन, पण माझ्याकडून कोण घेणार?” शेजारच्या दुकानदाराने दोनच दिवसांपूर्वी त्यांना परत पाठवले होते.

मंडळी, हे नाणे पूर्ण कायदेशीर आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले, की दहा रुपयांची नाणी चौदा वेगवेगळ्या नमुन्यांत निघाली आहेत आणि सर्वच्या सर्व चालतात. दहा रेघांचे खरे, पंधरा रेघांचे खोटे, रुपयाचे चिन्ह नसले तर खोटे, या सगळ्या वावड्या. चिन्हच मुळात २०१० मध्ये ठरले. त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कसे? पन्नास पैसेसुद्धा अजून चालू आहेत. दहा रुपयांपर्यंतचे देणे त्यांत देता येते. रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत हजार रुपयांपर्यंत. बंद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे, ३० जून २०११ पासून. त्या दिवशी आपला सव्वा रुपयाही बंद झाला, कारण पाव रुपया आता कुठल्याच नाण्याने देता येत नाही. आमच्या एका घरी देव्हाऱ्यात चार आण्यांचे एकच नाणे जपून ठेवले आहे. पूजेनंतर ते दक्षिणेत ठेवायचे, गुरुजी ते परत देतात आणि पाकीट नेतात. सव्वा झाला!

पण त्या आजींचे काय? शिवराईला राज्य उरले नव्हते तरी ती चालली. कलकत्त्यात पाडलेला पोर्तुगीज राजाचा रुपया चालला. आणि आपल्याच सरकारचे कोरे करकरीत नाणे वावडीने मरते. आणि त्यात जुन्या सराफासारखा बट्टासुद्धा नाही, किंमत एकदम शून्य. नुकसान होते ते ज्याच्या हातात नाणे शेवटी राहते त्याचे, आणि तो हात बहुधा टोपलीवाल्या बाईचा असतो. त्या दिवशी आम्ही आजींना नोटा दिल्या आणि त्यांच्याजवळची सतरा नाणी बदलून घेतली. मग त्या दुकानदाराकडे जाऊन त्याच नाण्यांनी साखर, गूळ आणि उदबत्ती घेतली. त्याने आधी मान हलवली. आम्ही चौघे होतो, घाईत नव्हतो, आणि रिझर्व्ह बँकेचे निवेदन मोबाइलवर होते. शेवटी नाणी गल्ल्यात गेली.

म्हणून कार्यकारिणीला आमची सूचना आहे, की दानपेटीतली दहाची आणि वीसची नाणी मंडळाच्या खरेदीत, याच गावातल्या दुकानांत खर्च करावीत. बँकेत भरून मोकळे होणे सोपे आहे. पण बँकेत गेलेले नाणे बाजारात दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

शेवटी घरातल्या डब्यांविषयी. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी थोडे शुल्क भरा, असे निरोप अनेकांना येतात. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन हे चालते, आणि बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याविरुद्ध जाहीर सूचना दिली आहे. कोणालाही पैसे पाठवू नका. शनिवारी दुपारी चार वाजता इथेच, मंडपामागच्या खोलीत, आम्ही घराघरांतली नाणी मांडणार आहोत. गोव्याकडच्या कुटुंबांनी एश्कुद आणि तांगे जरूर आणावेत, आणि कोणाचे नाणे कोणाचे हे कळण्यासाठी पाकिटावर नाव लिहावे. एकच विनंती: आणण्यापूर्वी चिंच किंवा लिंबू लावून घासू नका. काळे पडले आहे तसेच आणा.