नेमाचा आठवडा

मराठींत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नेम धरणें हा एक, आणि न चुकतां पाळावयाचा रोजचा नेम हा दुसरा. डार्टस् या खेळांत पहिला नेम दुसऱ्यावांचून साधत नाहीं.

खेळ दिसावयास सोपा. भिंतीवर गोल फलक, त्याचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंच, खेळाडू २.३७ मीटर अंतरावरून एका खेपेस तीन डार्ट फेंकतो. ५०१ मधून मिळालेले गुण वजा होत जातात. मधल्या अरुंद कड्याला ‘ट्रेबल’ म्हणतात. तेथें गुण तिप्पट. कडेचें कडें ‘डबल’चें, तेथें दुप्पट, आणि नेमकें शून्य गाठावयाचें तें या डबलमध्येंच डार्ट रोवून. त्याची रुंदी अवघी ८ मिलिमीटर. गुण जास्त पडले तर ती सारी खेप फुकट जाते.

येथेंच होतकरू खेळाडू फसतो. एकट्यानें सराव करतांना तो तासभर विसाच्या ट्रेबलवर डार्ट फेंकीत राहतो. एक लागला कीं ६० गुण. तिन्ही लागले तर १८०, आणि घरांतलीं मुलें टाळ्या वाजवितात. सामन्यांत मात्र प्रतिपक्षी शंभर गुणांनीं मागें असतांही याला शेवटचे ३२ काढतां येत नाहींत, आणि डाव हातचा जातो.

म्हणून आठवडा आंखतांना निम्मा वेळ डबललाच द्यावा. ३२ उरणें जाणत्यांना आवडतें, त्याचें कारण साधें गणित आहे. सोळाचें डबल हुकून डार्ट शेजारच्या साध्या सोळांत पडला तर १६ उरतात. मग आठाचें डबल, मग चाराचें, दोनाचें, एकाचें. चूक होऊनही वाट बंद होत नाहीं. उलट ३८ उरले असतां डार्ट साध्या एकोणिसांत गेला तर विषम १९ उरतात, आणि ते सम करण्यांतच एक डार्ट खर्ची पडतो. सोमवारीं, बुधवारीं आणि शुक्रवारीं बत्तिसाची ही शिडीच उतरावी, आणि कितव्या डार्टला ती संपली तें वहींत लिहावें. मंगळवारीं व गुरुवारीं विसावर ९९ डार्ट, म्हणजे ३३ खेपा, मोजून. एखादा डार्ट निसटला कीं ‘हा धरूं नये’ असें मन म्हणतें. धरावा, नाहींतर वही ठेवूंच नये.

खेळ निराळा असला तरी अहिल्यानगर जिल्ह्याला, पूर्वीच्या अहमदनगरला, याचें उदाहरण घरचेंच आहे. श्रीरामपूर येथें १९७८ सालीं जन्मलेले जलद गोलंदाज झहीर खान २००० सालीं कसोटी खेळूं लागले, आणि पुढें संघांतील जागा गमावून बसले. २००६ सालीं ते इंग्लंडांत वूस्टरशायरकडून खेळावयास गेले, धांव आंखूड केली, आणि त्या एका हंगामांत ७८ बळी घेतले. पुढल्या वर्षीं ट्रेंट ब्रिजच्या कसोटींत त्यांना ९ बळी मिळाले. जें अडत होतें, तेथें त्यांनीं हात घातला होता.

प्रवरेकांठच्या साखर कारखान्यांत पाळीनें काम करणाऱ्यास गळिताच्या हंगामांत वार सांभाळणें कठीण. त्यानें वार न धरतां क्रम धरावा. रात्रपाळीनें एक दिवस बुडाला तर बुडूं द्यावा. दुसऱ्या दिवशीं दुप्पट सराव करूं नये. चाळीस मिनिटांनंतर दमलेला खांदा चुकीची फेंकच पाठ करूं लागतो.

शनिवारीं खरा प्रतिस्पर्धी हवा. तो न मिळाल्यास घरांतील कोणी तरी उरलेले गुण मोठ्यानें पुकारावे. जेवणाआधीं एकच डाव, आणि हरल्यास पुन्हां नाहीं. छाती धडधडूं लागली म्हणजे सराव बरोबर चालला आहे असें समजावें. मुलांनीं मात्र खेळाडूच्या मागेंच बसावें.

रविवारीं हाताला सुटी, काम वहीचें. शिडी कोणत्या पायरीवर अडली तें पाहून पुढच्या आठवड्यांत तेथूनच आरंभ करावा. फलकाकडेही तेव्हांच पाहावें. शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्या जातीच्या तंतूंचा तो केलेला असतो, आणि विसाचा भाग सर्वांत आधीं झिजतो. आंकड्यांचें कडें सुटें असतें. तें काढून फलक थोडा फिरवावा आणि विसाच्या जागीं ताजा भाग येईल असें पुन्हां बसवावें.